हात बसण्याआधी नजर बसते

एखादी मुलगी कामात तरबेज झाली की आपल्याकडे म्हणतात, "आता तिचा हात बसला." भाकरीला हात बसतो, शिवणाला बसतो, पेटीवर बसतो. सगळं श्रेय हाताला. डोळ्यांना कुणी विचारत नाही. पण रांगोळी काढणाऱ्या दोघींकडे जरा निरखून बघा. नवशिकी स्वतःच्या चिमटीकडे बघत असते, आणि सरावलेली बाई पुढच्या ठिपक्याकडे. तिचा हात मागून येतो, नजर आधीच जाऊन पोचलेली असते.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचंही असंच असतं का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी मोजमाप घेऊन विचारला तो अगदी अलीकडे. त्यामागे मात्र सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपण बायकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. कारण या इतिहासाचा शेवट पित्ताशयाच्या ऑपरेशनापाशी येतो, आणि पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. पोटावर ती तीन-चार बारीक छिद्रं असलेली एखादी काकू, एखादी वहिनी आता घरोघरी आहे.

सुरुवात करू डोळ्यापासून. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं आपल्याला एकदम स्वच्छ दिसतंय. तसं नसतं. हात लांब करून अंगठा उभा धरला तर नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला बारकाईनं दिसतं, बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सारखा उड्या मारत असतो, सेकंदाला तीनेक उड्या. थांबला की बघतो, उडी मारताना जवळजवळ काहीच बघत नाही. ही उडी आणि हा थांबा आपल्या स्वतःच्या ध्यानात येत नाही, त्यामुळे हजारो वर्षं कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

१८७९ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी वाचणाऱ्या माणसाच्या पापणीवर रबरी नळ्या टेकवल्या आणि दुसरं टोक कानाला लावलं. डॉक्टर छाती तपासतात तसं. डोळ्याचे स्नायू आखडल्याचा दबका आवाज त्यांना मधूनमधून ऐकू आला, आणि प्रत्येक आवाजाबरोबर नजर ओळीवर पुढं सरकत होती. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत लामार नावाचे त्यांचे सहकारी याच कामाला लागले होते. म्हणजे नजरेचा माग माणसानं पहिल्यांदा काढला तो कानांनी! या जावालांना पुढं काचबिंदू झाला आणि १९०० च्या सुमारास ते पूर्ण आंधळे झाले. आयुष्यभर दृष्टीचा अभ्यास केलेल्या माणसानं मग अंधांनी कसं जगावं यावर पुस्तक लिहिलं. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस फार जवळचा वाटतो.

पुढची पायरी ऐकायला जरा कठीण आहे. १८९८ मध्ये अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीक वाटी करून ती थेट बुबुळावर बसवली. बघता यावं म्हणून वाटीला मधे भोक, वाटीला जोडलेली हलकी काडी, काडीच्या टोकाला काटा, आणि तो काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर रेघ ओढणार. डोळा दुखू नये म्हणून कोकेनचे थेंब. कोकेननं डोळा बधिर होतो हे व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखवलं होतं आणि त्यामुळंच डोळ्याची ऑपरेशनं वेदनेशिवाय होऊ लागली होती. म्हणजे नजरेचा माग आणि शस्त्रक्रिया यांची गाठ तेव्हाच एकदा पडली होती, कुणाच्या लक्षात आली नाही इतकंच.

डोळ्याला हात न लावता हे करता येईल का? १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि त्यांचे सहकारी क्लाइन यांनी करून दाखवलं. बुबुळावर पडलेल्या उजेडाचं प्रतिबिंब सरकत्या फोटोच्या काचेवर टिपायचं, बस्स. आजची यंत्रंही मुळात तेच करतात. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, कॅमेऱ्यानं बाहुलीचा मध्य आणि बुबुळावरची चमक टिपायची, आणि त्या दोघांमधल्या अंतरावरून नजर कुठं आहे ते संगणकानं काढायचं. हे सगळं आता साध्या चष्म्यात मावतं.

यंत्र आलं, पण विचारायचं काय? शिकागोच्या गाय बझवेल यांनी दोनशे माणसांना चित्रं दाखवून त्यांच्या नजरेच्या वाटा नोंदवल्या आणि १९३५ मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्यानंतर मॉस्कोत आल्फ्रेड यार्बुस यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र आहे: हद्दपारीतून माणूस अवचित घरी परततो आणि घरातले चकित होऊन बघतात. यार्बुस यांनी एकाच माणसाला तेच चित्र सात वेळा दाखवलं, एकदा नुसतंच, आणि मग दर वेळी वेगळा प्रश्न विचारून. यांची वयं काय असतील? घरची परिस्थिती कशी असेल? हा माणूस किती दिवस घराबाहेर असेल? चित्र तेच, डोळे तेच, पण प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलायची. वय विचारलं की नजर चेहऱ्यावर, परिस्थिती विचारली की सामानसुमानावर.

आपल्याला यात नवल वाटायला नको. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीची आई, फोटोवाला आणि आचारी एकाच दारातून आत आले तरी तिघांना तीन वेगळे हॉल दिसतात. पण यार्बुसांनी ते कागदावर रेघांनी दाखवलं. नजर ही डोळ्याची नसते, मनातल्या प्रश्नाची असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन हवाई दलासाठी पॉल फिट्स यांनी हाच विचार विमानात नेला. विमान उतरवताना वैमानिक कोणत्या तबकडीकडे किती वेळा आणि किती वेळ बघतो, याचं चित्रीकरण करून त्यांनी एकेक चौकट मोजली. जिकडं वारंवार बघावं लागतं ती तबकडी महत्त्वाची, आणि जिच्यावर नजर रेंगाळते ती वाचायला अवघड, असा त्यांचा हिशोब. चूक झाली की माणसाला दोष देण्याआधी त्याच्यासमोर काय मांडून ठेवलंय ते बघा, हा धडा तिथून मिळाला.

वैद्यकात ही विद्या आधी पोचली ती एक्सरे वाचणाऱ्यांकडे. फुप्फुसाच्या एक्सरेवर गाठ असूनही डॉक्टरांना ती सुटते, ती का? हॅरोल्ड कुंडेल आणि केल्व्हिन नोडाइन यांनी १९७८ साली सुटलेल्या गाठींचे तीन प्रकार पाडले. काही ठिकाणी नजर पोचलीच नव्हती. काही ठिकाणी ती नुसती चाटून गेली होती. आणि बऱ्याच ठिकाणी ती गाठीवर चांगली रेंगाळली होती, पण मनानं 'काही नाही' असा निकाल दिला होता. म्हणजे बघूनही न दिसणं. हे पुढं लक्षात ठेवा.

आता येऊ ऑपरेशनाच्या टेबलापाशी.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केलं. त्यानंतर शंभर वर्षं पोटावर लांब चीर देऊनच ते होत आलं. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी एरिक म्यूहं यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढल्या वर्षी सर्जन मंडळींच्या सभेत त्यांनी ते सांगितलं तर कुणी दखल घेतली नाही. त्याच संस्थेनं १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. आपल्याकडे डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे ऑपरेशन केलं, भारतातलं पहिलं. बड्या खाजगी दवाखान्यात न करता सरकारी रुग्णालयात केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

रुग्णाच्या दृष्टीनं हे वरदानच होतं. चीर लहान, दुखणं कमी, दोन दिवसांत घरी. पण डॉक्टरांच्या नजरेचं काय झालं? आजवर हात आणि डोळे एकाच ठिकाणी असायचे. आता हात पोटापाशी आणि डोळे समोरच्या पडद्यावर. खोली गेली, कारण पडदा सपाट. बोटांना लागणारा स्पर्श बराचसा गेला. वर छिद्रातून अवजार आत जात असल्यामुळं हात उजवीकडं नेला की टोक डावीकडं जातं. आरशात बघून दुसऱ्याच्या वेणीत गजरा माळण्याइतकं विचित्र.

त्याची किंमत काहींना मोजावी लागली. पित्ताशयाची एक बारीक नळी असते, ती कापायची असते. तिच्या शेजारीच यकृतातून आतड्याकडं जाणारी मुख्य पित्तनलिका असते, तिला धक्का लावायचा नसतो. उघड्या ऑपरेशनात ही नलिका जखमी होण्याचं प्रमाण हजारात एक-दोन होतं. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते हजारात चार-पाचवर गेलं. ही जखम साधी नव्हे. पुन्हा मोठं ऑपरेशन, महिनोन्‌महिने कावीळ आणि ताप, कधी जीवही जातो.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पंचावन्न सर्जनांच्या ८,८३९ ऑपरेशनांचा हिशोब मांडला गेला. त्यावरून काढलेला अंदाज असा: सर्जनच्या पहिल्या रुग्णाला नलिकेच्या जखमेचा धोका १.७ टक्के आणि पन्नासाव्या रुग्णाला ०.१७ टक्के. बरोबर दहावा हिस्सा. हा आकडा मी वाचला तेव्हा पन्नासाव्या बाईचं नाही, पहिल्या बाईचं मनात आलं. प्रत्येक निष्णात सर्जनला कधीतरी पहिली रुग्ण असतेच. ती कोण असते? जिला निवड करता येत नाही ती. हात दुसऱ्याच्या अंगावर बसतो, आणि त्याची किंमत सहसा गरिबाच्या घरातून येते.

२००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ जखमांची छाननी केली. सगळ्यांना वाटत होतं, हात चुकला असेल. निघालं भलतंच. ९७ टक्के प्रकरणांत मूळ चूक दिसण्यातली होती. हाताच्या कौशल्याचा दोष जेमतेम ३ टक्क्यांत. सर्जननं मुख्य नलिकेलाच बारीक नळी समजून, अगदी सफाईनं, नीट चिमटे लावून कापलं होतं. आणि बहुतेकांना आपलं काही चुकलं हे त्या वेळी कळलंही नव्हतं. एकदा मनानं 'हीच ती' असं ठरवलं की डोळा त्याचीच साक्ष देत राहतो.

इथं मग नजरेच्या माग काढणाऱ्यांना बोलावणं आलं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या मंडळींनी २००४ मध्ये निष्णात सर्जन आणि नवखे यांना दुर्बिणीच्या सरावयंत्रावर एकच काम दिलं: अवजाराचं टोक नेमक्या जागी टेकवा. नवख्यांची नजर अवजाराच्या मागं धावत होती. निष्णातांची नजर आधी लक्ष्यावर जाऊन बसायची, अवजार मागून यायचं. रांगोळीतली चिमटी आणि पुढचा ठिपका, दुसरं काय!

मग प्रश्न असा, की ही नजर शिकवता येईल का? कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंमध्ये पाहिलं होतं की, चेंडू टाकण्याआधीचा नजरेचा शेवटचा थांबा उत्तम खेळाडूंत लांब आणि स्थिर असतो. त्यांनी त्याला 'शांत नजर' असं नाव दिलं. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या मार्क विल्सन, सॅम्युएल व्हाइन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दुर्बिणीचा अनुभव नसलेल्या तीस शिकाऊ डॉक्टरांचे तीन गट केले. एका गटाला निष्णाताची नजर कुठं असते ते दाखवलं, दुसऱ्याला हात कसे हलवायचे ते शिकवलं, तिसऱ्याला आपलं आपण शिकू दिलं. नजर शिकलेला गट सगळ्यांत लवकर तयार झाला. शिवाय काम चालू असताना वाजणाऱ्या आवाजांकडंही लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा बाकीचे ढासळले आणि हे टिकले. २०१४ मध्ये कॅलगरीतच नव्या सर्जनांना टाक्याची गाठ मारायला अशाच पद्धतीनं शिकवलं, आणि दडपणाखाली नजर शिकलेल्यांचं काम जास्त चांगलं झालं.

हे मी वाचलं तेव्हा सर्जरी शिकणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, आमचे सर पडद्याकडं हात करून 'इथं बघ, इथं बघ' म्हणायचे. पण त्यांचं 'इथं' म्हणजे नेमकं कुठं, हे कळायलाच मला दोन महिने लागले की!" मला वाटतं, अडचण हीच आहे. सरांना स्वतःलाही आपली नजर कुठं असते ते सांगता येत नाही. आईला जसं 'अंदाजानं मीठ घाल' यापलीकडं सांगता येत नाही. मुरलेलं ज्ञान बोलत नाही. यंत्र त्याला पहिल्यांदा बोलतं करतं: पडद्यावर एक ठिपका हलतो, आणि गुरूची नजर शिष्याला दिसते.

रुग्णाच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा, हा विचार काही परका नाही. सुश्रुतसंहितेत त्यासाठी आख्खा अध्याय आहे. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा, शीर वेधण्याचा कमळाच्या देठावर, असं तिथं सांगितलंय. या सरावाला तिथला शब्द आहे 'योग्या'. आजचं सरावयंत्र म्हणजे तोच भोपळा, वीज लावलेला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००२ मध्ये सोळा शिकाऊ सर्जनांवर झालेल्या अभ्यासात, यंत्रावर सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडं चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. फरक इतकाच, की सुश्रुतांचा भोपळा हात शिकवायचा, आणि आता नजरही शिकवता येते.

पण यंत्राला डोक्यावरही बसवू नये. नजर जिथं टेकते तिथंच लक्ष असतं असं नाही. २०१३ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र लपवलं, गाठीच्या सरासरी आकारापेक्षा अठ्ठेचाळीस पट मोठं. चोवीसपैकी वीस तज्ज्ञ डॉक्टरांना ते दिसलं नाही. नजरेचा माग काढणारं यंत्र लावलेलंच होतं, आणि त्यावरून कळलं की त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. ते गाठी शोधत होते, आणि मनातल्या प्रश्नात गोरिला नव्हता. म्हणजे यंत्र डोळा कुठं वळला ते सांगेल, मन वळलं का ते नाही. शिकाऊ मुलीची नजर पडद्यावर बरोब्बर जागी असेल, गुणही चांगले मिळतील, आणि तरी तिला आतलं काही कळलेलं नसेल. शिवाय यातले बरेच अभ्यास वीस-तीस माणसांवरचे, सरावयंत्रावरचे. खऱ्या पोटात रक्त असतं, सूज असते, घाई असते.

म्हणून मला १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी घालून दिलेला साधा नियम फार मोलाचा वाटतो. कापण्याआधी ती जागा पूर्ण मोकळी करा, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्यात हे डोळ्यांनी बघा, त्याशिवाय कात्री लावू नका. कोणतंही यंत्र नाही. फक्त थांबणं, आणि मनानं दिलेल्या निकालावर शंका घेणं.

आपल्याला हे ओळखीचं आहे. ईर्यासमिती म्हणजे काय? मुनी आणि आर्यिका चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकतात. चौक्यात धान्य निवडताना, पाणी गाळताना आपणही तेच करतो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली ती नुसती जीव जाण्यावरून नाही. प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा तिच्या मुळाशी धरला. लहानपणी मला यात फक्त किडामुंगी दिसायची. आता वाटतं, ही व्याख्या ऑपरेशन थिएटरच्या दारावर लावण्याजोगी आहे. त्या २५२ प्रकरणांत कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हातही बहुतेकांचे चांगले होते. उणीव होती ती फक्त सावध बघण्याची.

मात्र एक गोष्ट मला पटवून घ्यावी लागते. सावधपणा म्हणजे एकट्या माणसाचा गुण असं आपण धरतो, आणि मग चुकलेल्याला पापी ठरवून मोकळे होतो. वैमानिकांच्या तबकड्यांपासून पित्तनलिकेपर्यंतचा हा इतिहास वेगळं सांगतो. सावधपणा शिकवावा लागतो, त्यासाठी वेळ, पैसा आणि साधनं लागतात, आणि ती कुठल्या कॉलेजला मिळतात नि कुठल्या नाही, यावर कुणाची पहिली रुग्ण सुखरूप घरी जाणार ते ठरतं.

तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना नम्रपणे पण न घाबरता विचारावं: असं ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय? शिकाऊ डॉक्टर करणार असतील तर त्यांनी सराव कशावर केलाय, आणि शेजारी मोठं कोण उभं राहणार आहे? नजर खाली ठेवून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचे दिवस गेले. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि सरकारी दवाखान्यातल्या जिला हे विचारणं जमत नाही, तिच्या वतीनंही आपणच विचारायला हवं.